ठोके चुकतात, मग ताकदीची कोणती गोळी घेऊ? एएफ आणि व्हिटॅमिन-खनिजांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. सेवाग्राम, सावंगी नाहीतर नागपूरहून 'एट्रियल फिब्रिलेशन' (थोडक्यात एएफ, ठोके अनियमित पडण्याचा आजार) लिहिलेली फाइल घेऊन माणूस गावी येतो. महिन्याच्या गोळ्या संपल्या की तो माझ्या काउंटरवर येतो आणि चिठ्ठीसोबत एक पिशवीही रिकामी करतो. त्यात शेजाऱ्यानं सुचवलेला मॅग्नेशियमचा डबा असतो, पुण्याच्या मुलानं कुरिअरनं पाठवलेल्या माशाच्या तेलाच्या कॅप्सूल असतात, आठवडी बाजारातली अर्जुन सालीची पूड असते. "यातलं काय घेऊ जी?" असं विचारतात. तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. डोस वाढवणं, घटवणं, थांबवणं हे ज्यांनी फाइलवर सही केली त्यांनाच विचारून करा.

डॉक्टरनं एएफ सांगतलं. म्हंजे हार्ट अटॅकच ना?

नाही. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी नळी तुंबते. एएफमध्ये बिघाड ठोक्याच्या विजेत असतो. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, म्हणून ठोका कधी लवकर पडतो, कधी उशिरा. कुणाला धडधड होते, कुणाला चार पावलं चालून दम लागतो, आणि कुणाला काहीच कळत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी कार्डिओग्राम काढतात तेव्हा एएफ सापडलेली माणसं बरीच आहेत.

खरी भीती गुठळीची. वरच्या डाव्या कप्प्याला एक लहानशी पिशवी असते, तिथे रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की लकवा मारतो. एएफ असलेल्याला हा धोका साधारण पाचपट असतो. म्हणून औषधांची कामं तीन: ठोक्यांचा वेग आवरणं (मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन), जमेल तिथे ताल परत आणणं (अमिओडॅरोन वगैरे) आणि गुठळी होऊ न देणं. व्हिटॅमिन-खनिजांची जी काही चर्चा आहे ती पहिल्या दोन कामांच्या कडेकडेनं चालते. तिसरं काम कोणतंही व्हिटॅमिन करत नाही.

मग व्हिटॅमिननं एएफ बरं होते काय?

होत नाही. अंगात काही कमी पडलं असेल तर ते भरून काढायलाच पाहिजे, कारण ती कमतरता ठोके बिघडवू शकते. कमी नसताना वरून ओतलं तर फायदा दिसलेला नाही, काही बाबतीत नुकसान दिसलं आहे.

मॅग्नेशियमचं लई ऐकतो. घ्यायचं का नाही?

सगळ्या डब्यांत थोडाफार दम असलेला डबा हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हृदयाच्या पेशीतून पोटॅशियम आत-बाहेर करायला मॅग्नेशियम लागतं. ते घटलं की ठोके भरकटायची शक्यता वाढते, आणि पोटॅशियमही कमी व्हायला लागतं, मग नुसतं पोटॅशियम देऊन ते वर येत नाही. दवाखान्यात ठोके खूप पळत असले तर इतर औषधांसोबत शिरेतून मॅग्नेशियम देतातही. पण ते मॉनिटर लावून, डॉक्टरांच्या डोळ्यासमोर. तेवढ्यावरून घरी रोज गोळी घेतली तर एएफ परत येणार नाही, असं काही सिद्ध झालेलं नाही.

आता मॅग्नेशियम कुणाचं कमी होतं ते पाहा. पायाची सूज उतरावी म्हणून फ्युरोसेमाइड किंवा तशी लघवीची गोळी चालू आहे त्यांचं. रोज दारू घेणाऱ्यांचं. हगवण लागलेल्यांचं. आणि सकाळी उठल्याबरोबर उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांचं. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल या गोळ्या वर्षानुवर्षं चालल्या तर मॅग्नेशियम घटू शकतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. माझ्याकडे आलेल्या दहा पिशव्यांतल्या निम्म्यांत ही गोळी सापडेल. विचारलं की उत्तर ठरलेलं: "ते तं गॅसची आहे, तिचं काय!" मॅग्नेशियमचा डबा विकत घेण्याआधी या गॅसच्या गोळीची खरंच गरज उरली आहे का, ते डॉक्टरांना विचारा.

रक्तातलं मॅग्नेशियम तपासता येतं, पण शरीरातल्या एकूण मॅग्नेशियमचा जेमतेम शंभरावा भाग रक्तात असतो. त्यामुळे रिपोर्ट काठावर असला तर डॉक्टर तुमची बाकीची औषधं आणि लक्षणं पाहून ठरवतात. गोळी लिहून दिली तर जरूर घ्या. स्वतःच्या मनानं घेणाऱ्यांनी दिवसाला 350 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, ही प्रौढांसाठी सर्वसाधारण मर्यादा. त्याआधीच बहुतेकांना जुलाब लागतात. किडनी कमजोर असेल तर मात्र चिठ्ठीशिवाय एकही गोळी नको, कारण मॅग्नेशियम बाहेर पडत नाही, साचत जातं आणि ठोके उलट फार मंद होतात.

ताटातून मिळतंच. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, तीळ, शेंगदाणे. आपल्याकडचं साधं जेवण याबाबतीत गरीब नाही. हल्ली घरोघरी रेशनचा तांदूळ आणि चहा-बिस्किटावर दिवस निघतो, तिथे गाडी अडते.

पोटॅशियमसाठी नारळपाणी आणि संत्री रोज चालतील काय?

पोटॅशियमला दोन्ही बाजूंनी धार आहे. साधारण 3.5 ते 5 ही त्याची पातळी. खाली गेलं तरी ठोके बिघडतात, वर गेलं तरी बिघडतात, आणि फार वर गेलं तर हृदय थांबूही शकतं.

किडनी चांगली असेल आणि खालच्या यादीतली गोळी चालू नसेल तर संत्री खा, केळी खा, नारळपाणी प्या. नागपुरी संत्र्याच्या मुलखात राहून संत्र्याला भिण्यात अर्थ नाही. पण स्पायरोनोलॅक्टोन, किंवा बीपीसाठी रामिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन यांपैकी काही चालू असेल तर या गोळ्या पोटॅशियम अंगात धरून ठेवतात. अशा माणसानं पोटॅशियमचं सिरप स्वतःहून घेऊ नये.

याच माणसानं आणखी एक गोष्ट पाहावी. बीपीसाठी चांगलं म्हणून 'लो सोडियम' मीठ घरात येतं. त्यात सोडियम कमी करून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. सुनेनं काळजीनं आणलेलं ते मीठ सासऱ्याच्या स्पायरोनोलॅक्टोनवर रोज दोन वेळा पडत राहतं आणि डॉक्टरांना कुणी सांगत नाही, कारण मिठाला कोण औषध समजतं! पाकिटाची मागची बाजू वाचा. 'पोटॅशियम क्लोराइड' दिसलं तर आधी विचारा.

उन्हाळ्यात ठोके जास्त चुकतात असं वाटते. खरंच असते का तसं?

असू शकतं. मे महिन्यात चंद्रपूर, अकोला 45 अंशांच्या पुढे जातात. शेतात घाम गाळून, वरून लघवीची गोळी घेऊन, अंगातलं पाणी आणि क्षार दोन्ही घटतात. डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी तर फार जपावं. पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम घसरलं की रोजचाच डोस विषासारखा वागू शकतो. जेवण नकोसं होणं, मळमळ, उलट्या, सगळं पिवळसर दिसणं, नाडी एकदम मंद होणं ही त्याची खूण. "ऊन लागलं" म्हणून कांद्याचा रस देत घरी बसू नका, दवाखान्यात न्या.

ओआरएस चांगलं, पण पाकिटावर लिहिलं असेल तेवढंच पाणी हेच माप, मोठ्या पाकिटाला एक लिटर. हृदय कमजोर असून डॉक्टरांनी "दिवसाला एवढंच पाणी" असं ठरवून दिलं असेल, तर उन्हाळ्यासाठी वेगळं माप आणि लघवीच्या गोळीचा वेगळा डोस मार्चमध्येच विचारून घ्या.

पोरानं माशाच्या तेलाच्या कॅप्सूल पाठवल्या. हृदयाला चांगल्या म्हणतात.

मुलाचा जीव आहे तुमच्यावर, पण एएफसाठी या कॅप्सूल नकोत. 2021 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. 25,000 हून जास्त लोकांना पाच वर्षांवर रोज ओमेगा-3 (माशाच्या तेलातला मुख्य घटक) किंवा व्हिटॅमिन डी किंवा नुसती खोटी गोळी दिली होती. एएफ टाळण्यात ओमेगा-3 चा उपयोग दिसला नाही, व्हिटॅमिन डीचाही नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मोठ्या डोसमध्ये एएफ वाढलेलं दिसलं. रोज 4 ग्रॅम ईपीए (ओमेगा-3 चाच एक प्रकार) दिलेल्या एका अभ्यासात औषध घेणाऱ्यांत 5.3 टक्क्यांना एएफ होतं, न घेणाऱ्यांत 3.9 टक्क्यांना. ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) फार वाढल्यामुळे डॉक्टरांनी लिहून दिल्या असतील तर ती गोष्ट वेगळी. तरी एएफ असल्याचं त्यांना आठवून द्या.

मग जवसाची चटणी बंद करू?

मुळीच नको. जवसातलं ओमेगा-3 वेगळ्या प्रकारचं आणि चटणीचं प्रमाण चमचाभर. भाकरीवर घ्या. मीठ तेवढं बेतानं.

ॲसिट्रॉम चालू आहे. हिरवी भाजी सोडा असं एक जण म्हणते, खा असं दुसरा म्हणते.

दोघंही अर्धवट सांगतात. ॲसिट्रॉम म्हणजे ॲसेनोकूमरॉल, वारफेरिनच्याच घरातलं औषध. ते व्हिटॅमिन के च्या विरोधात काम करून रक्त गोठायला उशीर लावतं. पालक, मेथी, कोथिंबीर, चवळीची पानं यांत व्हिटॅमिन के भरपूर असतं. भाजी एकाएकी वाढली की गोळीचा जोर घटतो, एकाएकी बंद झाली की जोर वाढून रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून भाजी सोडायची नाही, दर आठवड्याला साधारण सारखी ठेवायची. डॉक्टर त्या जेवणावर डोस बसवतात आणि आयएनआर (रक्त गोठायला किती उशीर लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा) 2 ते 3 च्या मधे ठेवतात.

आपल्याकडे अडचण येते ती पावसाळ्यात आणि सणावारांत. जूनपर्यंत ताटात बेसन नाहीतर आलू. पाऊस पडला की बांधावर तरोटा उगवतो, अंबाडी येते, आणि रोज पालेभाजी सुरू. मग श्रावणात सोमवार, शनिवार, एकादशी. साबुदाणा आणि भगरीवर दिवस, हिरवं काहीच नाही. नवरात्रात नऊ दिवस तेच. आयएनआर वर-खाली व्हायला एवढं पुरतं. उपवास करायचा असेल तर करा, पण आधी सांगा आणि त्या काळात तपासणी लवकर करून घ्या. या गोळीवर असताना निरंकार उपवास मला तरी पटत नाही.

मल्टिव्हिटॅमिनच्या डब्यावरही 'व्हिटॅमिन के' लिहिलेलं आहे का ते पाहा. कोएन्झाइम क्यू10 ची रचना व्हिटॅमिन के सारखी असल्यानं तीही गोळीचा जोर कमी करू शकते. व्हिटॅमिन ई मोठ्या डोसमध्ये उलट रक्तस्राव वाढवतं. आणि हे सप्लिमेंट नसलं तरी सांगतोच: हगवणीसाठी गावात सर्रास मिळणारी मेट्रोनिडॅझोलची गोळी ॲसिट्रॉमसोबत आयएनआर झपाट्यानं वर नेते. डायक्लोफेनॅकची कंबरदुखीची गोळी पोटातून रक्त काढते. ॲसिट्रॉम चालू आहे हे माझ्यासारख्याला काउंटरवर पहिल्याच वाक्यात सांगा.

एपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, डाबिगाट्रान या नव्या गोळ्यांना भाजीचं बंधन नाही, आयएनआरही लागत नाही.

मग आमाले ती नवीच गोळी द्या ना!

लहानपणीच्या सांधेतापानं हृदयाची झडप आकसली असेल, म्हणजे इको रिपोर्टवर मध्यम किंवा गंभीर 'मायट्रल स्टेनोसिस' लिहिलं असेल, किंवा धातूची झडप बसवली असेल, तर जुनीच गोळी योग्य. आपल्या भागात असे रुग्ण अजून बरेच आहेत. सांधेतापाच्या हृदयरोगातल्या एएफवर अनेक देशांत झालेल्या, 2022 मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासात रिव्हारोक्साबॅनपेक्षा जुन्या गटाच्या गोळ्यांवरचे रुग्ण जास्त जगले. बाकीच्यांसाठी नव्या गोळ्या सोयीच्या आहेत. किमतीत बराच फरक असतो, जनऔषधी केंद्रातही विचारा.

रक्त पातळ करायची गोळी सोडून लसूण किंवा ॲस्पिरिन चालते काय?

नाही चालत. एएफमधला लकवा रोखायला ॲस्पिरिन फारच तोकडं पडतं आणि रक्तस्रावाची जोखीम मात्र राहतेच. लसूण फोडणीत राहू द्या. तिच्या कॅप्सूल, आल्याच्या कॅप्सूल, हळदीच्या अर्काच्या गोळ्या रक्त पातळ करायच्या गोळीसोबत नकोत. वय 65 च्या पुढे, बीपी, शुगर, आधी लकवा, कमजोर हृदय, यांतलं जितकं जास्त तितकी ही गोळी गरजेची.

अर्जुनाची साल?

अर्जुनसादडा आपल्या नदी-नाल्यांच्या काठी आहे, आणि सालीचा दुधातला काढा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, हे मान्य. एएफवर तिचा उपयोग दाखवणारा भक्कम पुरावा नाही. रक्त पातळ करायच्या गोळीसोबत ती कशी वागेल याचाही भरवसा देता येत नाही. घेतच असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका, ते रागावले तरी चालेल.

खोकल्याच्या काढ्यातलं ज्येष्ठमध मात्र रोज आणि जास्त घेतलं तर पोटॅशियम नक्की घटवतं आणि बीपी वाढवतं. एएफवाल्यानं ते टाळावं.

व्हिटॅमिन डीची पुडी दर आठवड्याला घेतो.

किती महिन्यांपासून? 60,000 युनिटची पुडी सहसा ठरावीक आठवडे घ्यायची असते. चिठ्ठी संपली तरी लोक वर्षभर घेत राहतात, कुणी वरून 6 लाखांचं इंजेक्शनही टोचून घेतं. जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, किडनीवर ताण येतो, ठोकेही बिघडतात. तपासणीत कमी असेल तर कोर्स पूर्ण करा आणि थांबा.

बी12, लोह, कॅल्शियम, टॉरिन?

बी12 कमी असेल तर घ्या. शाकाहारी माणसात आणि शुगरसाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते कमी आढळतं. ठोके त्यानं सरळ होणार नाहीत, मुंग्या आणि थकवा कमी होईल. रक्त कमी असलं की हृदय धावतं, म्हणून हिमोग्लोबिन पाहावं. पण सिकलसेलच्या (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) माणसानं लोहाची गोळी तपासणीशिवाय घेऊ नये. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोह यांच्यात चार तासांचं अंतर ठेवा. टॉरिन हे एक अमिनो आम्ल, त्याबद्दल इंटरनेटवर जे फिरतं ते मोजक्या रुग्णांच्या नोंदींवर उभं आहे.

अशक्तपणा वाटते, पिवळं सलाईन लावून देता का?

सलाईन लावलं की तरतरी येते यावर आपल्या भागाचा इतका विश्वास आहे की नाही म्हणणारा डॉक्टर वाईट ठरतो. त्या पिवळ्या रंगात बी गटाची व्हिटॅमिन असतात, थोड्या पैशांच्या गोळीत मिळतात तीच. हृदय कमजोर असेल तर ते पाणी फुप्फुसात उतरून रात्री बसून काढावी लागते. एएफमध्ये अशक्तपणाचं कारण बहुतेकदा ठोक्यांचा वेग असतो. आधी नाडी मोजा. मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट, कारण ठोके अनियमित असताना पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं तर आकडा चुकतो.

पैसे एकाच गोष्टीवर घालता येतील तं कशावर घालू?

तपासणीवर. सोडियम-पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन (किडनीसाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी), हिमोग्लोबिन. थायरॉइड जास्त चालत असेल तर त्यामुळेही एएफ होतं, आणि त्याचा इलाज मॅग्नेशियमच्या डब्यात नाही. अमिओडॅरोन चालू असेल तर थायरॉइड ठरावीक काळानं तपासावाच लागतो, कारण 200 मिलिग्रॅमच्या एका गोळीत 75 मिलिग्रॅम आयोडीन असतं.

आणि बिनपैशाचं म्हणाल तर दारू सोडा. मोहाची असो की दुकानातली, 'आपली घरची' म्हणून मोहाची वेगळी ठरत नाही. ऑस्ट्रेलियातला 2020 चा अभ्यास आहे: नियमित पिणारे 140 एएफ रुग्ण, निम्म्यांना दारू सोडायला सांगितली. सहा महिन्यांत पिणाऱ्यांपैकी 73 टक्क्यांना एएफ परत आलं, सोडणाऱ्यांपैकी 53 टक्क्यांना. एवढा फरक दाखवणारी व्हिटॅमिनची गोळी माझ्या दुकानात नाही. बीपी आटोक्यात ठेवणं, पोट सुटलं असेल तर वजन उतरवणं, झोपेत घोरता घोरता श्वास अडकत असेल तर त्याचा इलाज करणं, हेही त्याच रांगेत.

डब्यावर सरकारी नंबर आहे, म्हंजे औषधच झालं ना?

तो एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांचा परवाना. अशा डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची ओळ इंग्रजीत बारीक अक्षरात छापलेली असते. चष्मा लावून शोधा, नाहीतर शाळेतल्या नातवाकडून वाचून घ्या.

108 कधी बोलवायची?

तोंड वाकडं झालं, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं तर त्याच क्षणी. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला पहिले साडेचार तासच असतात, आणि गावातून सीटी स्कॅनपर्यंत पोचण्यातच त्यातले किती जातात ते तुम्हाला माहीत आहे. शेवटची गोळी कधी घेतली ते सोबतच्या माणसाला सांगता आलं पाहिजे. चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, बसल्या जागी दम लागणं, डांबरासारखी काळी संडास, डोक्याला मार, यांतही थांबू नका.

शेतात विळा लागला, साप चावला तं?

विळ्याची जखम स्वच्छ कापडानं दहा मिनिटं दाबून धरा, मधे उघडून पाहू नका. साप चावला तर दवाखान्यात पोचताच सांगा की रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. विष चढलं का हे ठरवताना रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटं ठेवून गोठतं का ते पाहतात, आणि तुमचं रक्त गोळीमुळे आधीच उशिरा गोठत असू शकतं. गोळीचं नाव लिहिलेली चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये घालून पाकिटात ठेवा.

केस गळतात म्हणून बायको बायोटिन घेते. तिलेही एएफ आहे.

घेऊ द्या, पण थायरॉइडची तपासणी करायच्या निदान दोन दिवस आधी बंद करायला सांगा. मोठ्या डोसच्या बायोटिननं टीएसएचचा आकडा चुकीचा येऊ शकतो आणि नसलेला थायरॉइडचा आजार दिसतो. लॅबवाल्यालाही सांगा.